वर माणूस आहे

ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे, त्या वर्षी घरात दोघांना जागं ठेवणं हे माझं काम होतं. एक बाबा आणि दुसरा कॉम्प्युटर. दोघंही माझं ऐकत नव्हते. बाबांवर ओरडायची सोय नव्हती, म्हणून सगळा राग मी कॉम्प्युटरवर काढायचे. त्याच्या डब्याला मी लाथासुद्धा घातल्या आहेत, आणि मी मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी बाई आहे.

भारनियमनाचे दिवस होते ते. नाशिकमध्ये वीज कधी जाणार हे पेपरात छापून यायचं आणि तरीही ती आपल्या मर्जीनेच जायची. आम्ही पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचो. आई जाऊन काही वर्षं झाली होती. दादा, म्हणजे मोठा भाऊ, बंगळुरूला. घरात मी आणि बाबा. मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपूरच्याही पुढे, एका पॉलिटेक्निकमध्ये नोकरीला. सकाळी निघायचं ते दिवस कलल्यावर परतायचं. मधल्या वेळात बाबा एकटे.

बाबा वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर खांबावर चढलेला माणूस. रिटायर झाल्यावर काही वर्षं बरी गेली, मग एकेक गोष्ट त्यांच्या हातून निसटायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग वार गेले, मग आई गेल्याचंही गेलं. शहरात इतकी वर्षं काढून कमावलेली भाषाही झडायला लागली आणि तिच्याखालून बागलाणातली अहिराणी डोकं वर काढायला लागली. एकदा गॅस तसाच चालू ठेवून ते नदीवर जाऊन उभे राहिले. बाजारातल्या भाजीवाल्या मावशींनी ओळखलं म्हणून हाताला धरून घरी आणलं. नाहीतर काय झालं असतं, हा विचार मी आजही अर्ध्यावर सोडते.

कामाला ठेवलेली बाई टिकेना. एक म्हणाली, “ताई, आजोबा एकटक बघत बसतात, मला भ्या वाटतं.” दुसरीने कारणसुद्धा सांगितलं नाही, नुसती यायची बंद झाली. शेजारच्या काकू दुपारी एकदा डोकावून जायच्या, पण त्यांचा स्वतःचा संसार होता आणि गुडघेही होते.

मग दादाने एक जागा शोधली. गावाबाहेर, अशा म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी. त्याने फोनवर मला सगळं समजावून सांगितलं, कुठेही आवाज न चढवता. आवाज न चढवणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो.

“तुला नोकरी सोडता येणार नाही, मला इथून हलता येणार नाही,” तो म्हणाला. “दिवसभर ते एकटे. उद्या काही झालं तर कुठल्या तोंडाने जगायचं आपण?”

यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, तेच तर दुखत होतं. मी म्हणाले, “मला थोडे दिवस दे. कॉलेजात बसून बाबा कधीही दिसतील अशी सोय मी करते. दिसले तर कळेल, कळलं तर काकूंना लगेच फोन करता येईल.”

तो म्हणाला, “ठीक आहे. मला करून दाखव. कामाच्या दिवशी, तू कॉलेजात असताना, इथे माझ्या स्क्रीनवर बाबा दिसले तर मी हा विषय परत काढणार नाही.”

म्हणजे बाबा घरात राहणार की नाही, हे एका कॉम्प्युटरच्या उठण्यावर येऊन ठेपलं.

कॉम्प्युटर हॉलमध्ये होताच. त्याच्यावर मी कॅमेरा बसवला. बाबांची खुर्ची, बाहेरचं दार आणि दाराशेजारची खुंटी, एवढं त्यात दिसायचं. अडचण अशी की तो दिवसभर चालू ठेवता येत नव्हता. वीज गेली की सगळं इन्व्हर्टरवर, आणि तो पेटाऱ्याएवढा मॉनिटर इन्व्हर्टरवर चालला की बॅटरी बघता बघता खलास. मग बाबांचा पंखा बंद, आणि पंखा बंद झाला की बाबा घराबाहेर. म्हणून कॉम्प्युटर बंद ठेवायचा आणि मला बघायचं असेल तेव्हा लांबून उठवायचा, असं मी ठरवलं.

हे जमतं. बंद कॉम्प्युटर पुरता बंद नसतो. भिंतीतून वीज मिळत असेल तर त्याच्या नेटवर्क कार्डात थोडी धुगधुगी राहते, मागे एक हिरवा दिवा लुकलुकतो, आणि ते कार्ड अर्धवट झोपेत कान देऊन असतं. घरातल्या नेटवर्कच्या वायरीवरून कोणी त्याला त्याचा स्वतःचा पत्ता लागोपाठ सोळा वेळा ऐकवला, की ते सगळ्या मशीनला उठवतं. सोळा वेळा! मी कोण हे बाबांना सांगताना मी सोळाच्या किती पुढे गेले होते देव जाणे. मशीनला तेवढ्याने जाग येते याचा मला हेवाच वाटला.

हाका मारण्याचं काम मी एका मायक्रोकंट्रोलरला दिलं. म्हणजे एक लहानशी काळी चिप, जिला आपण शिकवू तेवढं एकच काम ती न कंटाळता करत बसते. तिला नेटवर्कची वायर जोडली, सगळं साबणाच्या डबीत बसवलं आणि डबी मोडेमच्या शेजारी ठेवली. एक छोटी बॅटरी तिला पुरायची. बाहेरून तिला निरोप कसा द्यायचा, हे कोडं मी आपल्याकडच्या रीतीने सोडवलं. मिस्ड कॉल. तेव्हा सगळं गाव मिस्ड कॉलवर चालायचं. पोहोचलो म्हणून मिस्ड कॉल, खाली ये म्हणून मिस्ड कॉल, आज दूध नको म्हणून मिस्ड कॉल. घरच्या फोनची घंटी मी आतून बंद केली आणि तिची वायर चिपला दिली. मी कॉलेजातून फोन लावायचा, दोनदा वाजू द्यायचा आणि ठेवायचा. चिप ते ओळखणार, कॉम्प्युटरला हाका मारणार, तो उठून कॅमेरा सुरू करणार आणि लॅबमधल्या माझ्या स्क्रीनवर बाबा. थोड्या वेळाने तो आपला आपण परत झोपणार.

पहिली परीक्षा रविवारी घेतली. पुलापलीकडच्या एका सायबर कॅफेत जाऊन बसले, मोबाईलवरून घरी मिस्ड कॉल दिला आणि स्क्रीनकडे बघत राहिले. हळूहळू चित्र आलं. बाबा खुर्चीत बसून पाय हलवत होते. त्यांच्या पायातले मोजे वेगवेगळ्या रंगाचे होते, तेसुद्धा दिसलं. मी तिथे, त्या कळकट कॅफेत, शेजारी गेम खेळणाऱ्या पोरांच्या देखत रडले.

सोमवारी कॉलेजातून मिस्ड कॉल दिला. काही नाही. परत दिला. स्क्रीन काळा.

घरी धावतपळत आले तर बाबा खुर्चीत, सगळं जागच्या जागी. कॉम्प्युटरचं बटण दाबलं, मुकाट्याने चालू झाला. काकूंच्या घरातून मिस्ड कॉल देऊन पाहिला, लगेच उठला. मंगळवारी कॉलेजातून परत काळा. बुधवारीही काळा. सुट्टीच्या दिवशी कॅफेतून केलं की टुणकन उठायचा. माझ्यासमोर शहाणा आणि पाठ फिरली की मेलेला. असली कार्टी वर्गात असतात, ती ओळखता येतात. हे ओळखता येईना.

पहिला संशय अर्थातच भारनियमनावर. वीज एकदा पूर्ण गेली की त्या कार्डाची धुगधुगी जाते, आणि आमचं मशीन असं जुनाट की वीज परत आली तरी एकदा हाताने चालू केल्याशिवाय त्याला ऐकूच येईनासं व्हायचं. म्हणून कॉम्प्युटरची लाइन मी इन्व्हर्टरवर घेतली. ते सोपं होतं, कारण त्याची लाइन वेगळीच होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मी शिकत असताना, दादाने त्याच्या पहिल्या नोकरीच्या जोरावर तो कॉम्प्युटर घरात आणला तेव्हा बाबांनी स्वतः ती टाकली होती. “एवढं महागाचं मशीन, त्याला कुणाची उष्टी वीज नको,” असं म्हणाले होते. पॅसेजमधल्या लाकडी बोर्डावर त्यांनी तेव्हा एक किटकॅट वाढवली. किटकॅट म्हणजे चिनीमातीचा तो पांढरा फ्यूज, हाताने ओढून काढता येतो आणि दाबून बसवता येतो. आमच्याकडे अशा चार होत्या. प्रत्येकीखाली बाबांनी लाल रंगाने लिहिलं होतं: हॉल, किचन, मोटर. आणि चौथीखाली, पोरगी.

इन्व्हर्टरवर घेऊनही काही फरक नाही. मग मी चिपला दोष दिला, प्रोग्राम पुसून परत लिहिला. मग वायर बदलली. मग उंदरांवर खापर फोडलं आणि औषध आणून टाकलं. रोज संध्याकाळी मी कॉम्प्युटरचा डबा उघडून जमिनीवर बसायचे, दोन्ही हात कोपरापर्यंत त्याच्या आत. बाबा खुर्चीतून बघत असायचे. एखाद्या वेळी म्हणायचे, “जपून बरं.” मी त्यांच्याकडे न बघता हो म्हणायचे.

चिपची डबी दुरुस्तीला मी रोज कॉलेजात न्यायला लागले आणि संध्याकाळी आणून परत बसवायची, असं व्हायला लागलं. आता ती घरी नसताना कॉम्प्युटर उठणारच नव्हता, म्हणून एक जुळी डबी केली. एक घरी, एक माझ्याजवळ. या सगळ्या वायरी, पकडी आणि डब्या न्यायला माझी पर्स कुठली पुरायला? खुंटीवर बाबांची जुनी हत्यारांची पिशवी लटकत होती. जाड कॅनव्हासची, तेलकट, पट्टा खांद्याला बसलेला. काही बिघडलं तर हत्यारं हाताशी असावीत म्हणून अगदी पहिल्या सोमवारपासूनच मी ती घेऊन जायचे. आत त्यांची पक्कड आणि टेस्टर अजून होते, तेही राहू दिले.

संध्याकाळी मी घरात आले, पिशवी खुंटीला लावली, की बाबा विचारायचे, “उतरला का मानूस?”

आधी मला कळायचं नाही. मग मी कळून घेण्याच्या भानगडीत पडणं सोडलं. बसमधून कोणी उतरलं का, ताप उतरला का, त्यांच्या डोक्यात काहीही असेल. “उतरला, बाबा, उतरला,” असं म्हणत मी स्वयंपाकघरात जायचे. मग ते उठून पॅसेजकडे जायचे, तिथे खटकन काहीतरी वाजायचं, आणि ते परत येऊन बसायचे. दिवसभर ते काही ना काही उघडझाप करत असायचेच. मी चहा टाकायचे.

दादाने शुक्रवार ठरवला. रविवारी तो येणार होता, ती जागा बघायला. “शुक्रवारी दुपारी मी स्क्रीनसमोर बसतो,” म्हणाला. “झालं तर झालं. नाही तर तू हट्ट करायचा नाहीस.”

शुक्रवारी सकाळी मी डब्याच्या मागचा हिरवा दिवा डोळ्यांनी पाहून घेतला. लुकलुकत होता. पिशवी खांद्याला लावली, बाबांना सांगितलं, “येते.” ते माझ्याकडे बघत नव्हते, पिशवीकडे बघत होते.

दुपारी लॅब रिकामी करून मी मिस्ड कॉल दिला. दादा दुसऱ्या टोकाला हजर होता. “काही दिसत नाही,” असं त्याने लिहिलं. मी परत दिला. परत. एकदा घाईत नंबर चुकून भलत्याच कुणाला लागला. “अजून काळंच आहे,” असं दादाने लिहिलं, आणि थोड्या वेळाने, “राहू दे आता.” त्याच्या त्या राहू दे मध्ये जी दया होती ती मला सहन झाली नाही.

मी काकूंना फोन केला. म्हटलं, काकू, पाया पडते, घरात जाऊन कॉम्प्युटरच्या मागे हिरवा दिवा आहे का तेवढं बघा. काकू गेल्या. परत फोन आला तो काकूंचा, पण आवाज त्यांचा वाटेना. “अगं, लवकर ये. तुझे बाबा माझ्या अंगावर धावून आले.”

सातपूरपासून पंचवटीपर्यंत मी स्कूटी कशी आणली ते मला आठवत नाही. पुलावर रिक्षांची गर्दी होती आणि मी कुणाला तरी शिवी दिली, एवढं आठवतं. डोक्यात एकच चाललं होतं. आता दादाला थांबवायला माझ्याकडे काही उरलं नाही. बाबा आता नुसते विसरणारे म्हातारे राहिले नव्हते, हात उगारणारे झाले होते. अशा माणसाला घरात ठेवा म्हणून मी कुणाच्या जिवावर भांडणार होते?

काकू आमच्या दारात उभ्या होत्या. एका हाताने दुसरं मनगट धरलेलं, आणि त्या हातात एक पांढरी किटकॅट. “दिवा नव्हता गं,” त्या म्हणाल्या. “म्हणून बोर्ड बघितला तर तुझ्या नावाची जागा रिकामी. म्हटलं पडली असेल कुठे, आमच्याकडची जास्तीची आणून बसवते. हात लावला मात्र, तर त्यांनी माझा हात पिरगाळला. मला गं! रोज चहा देते मी त्यांना.”

पॅसेजमध्ये बाबा बोर्डाला पाठ लावून उभे होते. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. एक हात आडवा पसरलेला, दुसरा खिशात, आणि खिशातली मूठ घट्ट.

“बाबा, बाजूला व्हा. काय आहे खिशात?”

“हात लावू नको. वर मानूस शे.”

“कोण आहे वर?”

“पोरगी हाय माझी वर. ती खाली येईल, माझ्यासमोर उभी राहील, तवा लाइन चालू व्हईल. तोवर साहेब येऊ दे नाय तर साहेबाचा बाप.”

हे ते माझ्या तोंडाकडे बघून मला सांगत होते.

ते वाक्य मी ऐकलेलं होतं. आम्ही बागलाणात, नामपूरला होतो तेव्हा, मी फ्रॉकमध्ये असताना. वादळात तार तुटली की सगळं गाव अंधारात आणि कांद्याचे व्यापारी बाबांच्या नावाने खडे फोडायचे. बाबा ट्रान्सफॉर्मरच्या खाली उभे, त्यांचा जोडीदार खांबावर, आणि ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज बाबांच्या खिशात. तिथे ठेवून चालत नाही, कारण कुणीही शहाणा येऊन बसवतो आणि वरचा माणूस जळून मरतो. ज्याने काढला त्याच्याच खिशात राहायचा आणि त्याच्याच हाताने बसायचा, आणि तोही कधी, तर वरचा माणूस खाली येऊन समोर उभा राहून आपले दोन्ही तळहात दाखवेल तेव्हा. एकदा गावातला एक बडा माणूस घरच्या कार्यासाठी वीज मागायला आला होता. बाबा त्याला हेच म्हणाले होते, “वर माणूस हाय.” ऑफिसात भिंतीला ओळीने खुंट्या होत्या, प्रत्येक लाइनमनची एक. पिशवी खुंटीवर असली तर माणूस खाली. खुंटी रिकामी असली तर माणूस वर.

मी खांद्यावरची पिशवी काढली आणि जाऊन खुंटीला लावली.

बाबांनी पिशवीकडे पाहिलं. पसरलेला हात खाली आला. “उतरली का?”

“उतरली, बाबा.”

“कुठंय मग?”

“ही काय. मीच.”

त्यांना ते पटलं नाही. समोर उभी असलेली ही प्रौढ, घामाघूम, केस विस्कटलेली बाई त्यांची पोरगी कशी असेल? मी दोन्ही तळहात पुढे केले. ते त्यांनी धरले, उलटसुलट करून पाहिले. माझ्या एका बोटावर सोल्डरिंग करताना भाजल्याचा डाग होता, त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. मग खिशातून किटकॅट काढली, वळले आणि ती जागेवर दाबली. खटकन. हाच आवाज रोज संध्याकाळी मी चहा टाकताना ऐकत होते.

काकू दारातच खाली बसल्या. “अगं बाई,” एवढंच म्हणाल्या.

दादाला मी फोनवर सगळं सांगितलं. नामपूरच्या त्या खुंट्या त्यानेही पाहिल्या होत्या. तो म्हणाला, “उद्या पिशवी न घेता जा. मी बसतो परत स्क्रीनसमोर.” त्याचा आवाज पहिल्यांदाच नीट लागत नव्हता.

शनिवारी पिशवी खुंटीवर राहिली आणि मी पर्स घेऊन गेले. एका मिस्ड कॉलमध्ये कॉम्प्युटर उठला. बंगळुरूत आणि सातपूरला, दोन्हीकडे बाबा दिसले. पेरू खात होते. दादा रविवारी आला, जागा बघायला गेला नाही, बाबांच्या शेजारी दिवसभर बसून राहिला आणि निघताना काकूंच्या पाया पडला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मी जिंकले होते. रोज दुपारी मिस्ड कॉल द्यायचा, बाबा बघायचे, वर्गावर जायचं. सगळं सुरळीत. पण संध्याकाळी घरी आले की बाबा काही विचारत नव्हते. पिशवी दिवसभर खुंटीवर, म्हणजे वर कोणी नाही. वर कोणी नाही म्हणजे कोणाची वाट बघायची नाही. मी आत यायचे आणि ते माझ्याकडे, गल्लीतून कोणी जावं तसे, बघायचे. इतके दिवस ते खिशात मूठ आवळून माझ्यासाठी बसून होते आणि मी उंदरांना औषध घालत होते. आता मला ते दिसत होते, पण मी त्यांच्या हिशेबातून गेले होते. मला हे सोसवेना.

म्हणून मी काकूंशी बोलून गुरुवार ठरवला. गुरुवारी दुपारभर काकू आपलं निवडणं-टिपणं घेऊन आमच्याकडे बसायच्या, बोर्डाकडे ढुंकूनही न बघता. त्या दिवशी मी पिशवी घेऊन जायचे. लॅबमधून मिस्ड कॉल द्यायचे आणि स्क्रीन काळा राहिला की माझा जीव थाऱ्यावर यायचा. शिपाई एकदा म्हणाला, “मॅडम, बंद पडलंय तुमचं.” मी म्हटलं, नाही, चालू आहे. संध्याकाळी पिशवी खुंटीला लागायची. “उतरली का?” मी जाऊन समोर उभी राहायचे, तळहात दाखवायचे. मग खटकन.

असे बरेच गुरुवार मिळाले. बाकी सगळं घसरतच होतं. जेवल्याचं विसरायचे, दार कुठलं आणि कपाट कुठलं ते विसरायचे, स्वतःच्या नावाला ओ द्यायचे नाहीत. गुरुवार मात्र चुकला नाही. मला आशा वाटायला लागली होती, आणि आशा वाटण्यासारखं काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या गुरुवारी मी पिशवी घेऊन गेले. तास संपल्यावर मिस्ड कॉल दिला, आणि स्क्रीनकडे नीट न बघताच वह्या गोळा करायला लागले.

चित्र आलं.

काकू खाली बसून मटार सोलत होत्या. बाबा खुर्चीत. त्यांच्या मागे दार, दाराशेजारी रिकामी खुंटी. बाबांची मान खुंटीच्या दिशेनेच वळलेली होती, पण ते काही बघत नव्हते. अगदी स्वच्छ चित्र होतं, एकदाही अडकलं नाही. दादाला मी जे वचन दिलं होतं ते हेच. मी खुर्चीत बसले. वर मी होते, आणि खाली लाइन चालू होती.

पुढचा तास दुसऱ्यांवर सोपवून घरी आले. पिशवी खुंटीला लावली आणि उभी राहिले. बाबांनी मान वर केली, हसले, पाहुण्याकडे बघून हसावं तसं. म्हणाले, “बसा.”

मी बसले नाही. तळहात पुढे केले. त्यांनी ते पाहिले आणि, काही द्यायचं असेल असं वाटून, आजूबाजूला शोधायला लागले. काकूंनी सुपातले चार मटार त्यांच्या हातात ठेवले, ते त्यांनी माझ्या हातावर घातले.

मी पॅसेजमध्ये गेले. ‘पोरगी’ लिहिलेली किटकॅट ओढून काढली, परत आले आणि ती बाबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. खिशावर त्यांचाच हात नेऊन ठेवला आणि त्यांनी तो काढेपर्यंत समोर उभी राहिले.